गाडीचा पिवळा दिवा काय सांगतो?



गटाच्या बैठकीत बचत, हप्ता, व्याज झालं की आता आणखी एक विषय हमखास निघतो, तो म्हणजे गाडीचा. चार-पाच वर्षांत आपल्या कितीतरी जणींनी गटाच्या कर्जातून स्कूटी घेतली. कुणी कडक भाकरी आणि शेंगा चटणीची पाकिटं सोलापूरच्या दुकानांत पोचवते, कुणी दूध डेअरीवर नेते, कुणी चादरी-टॉवेल घेऊन गावोगावचे बाजार करते. गाडी चालली तर धंदा चालतो आणि धंदा चालला तर हप्ता जातो. गाडी गॅरेजात आठ दिवस पडली की मासिक सभेत थकबाकीच्या रकान्यात नाव येतं. म्हणून आम्हाला वाटलं, या वेळी याच विषयावर बोलावं. नव्या गाड्यांचं पेट्रोल आणि ठिणगी म्हणजे करंट कसा तपासतात, कोणकोणत्या उपकरणांनी तपासतात आणि त्यातलं आपल्याला किती कळायला हवं, ते आज बघू.

मोहोळ तालुक्यातल्या आमच्या एका ताईंची गोष्ट सांगतो. त्यांची गाडी चालता चालता बंद पडायची, दहा मिनिटांनी पुन्हा सुरू व्हायची. गॅरेजवाल्यानं आधी प्लग बदलला. दोन दिवस बरी चालली. मग कॉइल बदललं. मग म्हणाला, "मावशी, सेन्सर गेलाय." तोही बदलला. शेवटी म्हणाला, "आता गाडीचा मेंदूच गेला, म्हणजे ईसीएम." त्याचा आकडा ऐकून ताईंनी गाडी टेम्पोत घातली आणि शहरात दुसऱ्याकडे नेली. त्यानं स्कॅनर लावला, मग मीटर लावला आणि अर्ध्या तासात दाखवलं की सीटखालची एक वायर उंदरानं कुरतडलीय. वायर जोडून, टेप गुंडाळून त्यानं गाडी परत दिली. आधी बदललेले तिन्ही भाग चांगले होते की वाईट, हे कुणालाच सांगता येईना, कारण ते कुणी तपासलेच नव्हते. आजच्या बोलण्याचं मूळ कारण हेच आहे. अंदाजानं भाग बदलायचा आणि तपासून बदलायचा यात फरक असतो, आणि त्या फरकाचे पैसे आपल्या पर्समधून जातात.

आता गाडी पेट्रोल कशी खाते ते बघू. रॉकेलचा पंपाचा स्टोव्ह आठवतो ना? हवा भरली की बारीक भोकातून रॉकेल वर येतं, हवेत मिसळतं आणि जळतं. भोकात काजळी अडकली की आपण पिन मारायचो. जुन्या लूना, जुन्या स्कूटर यांचा कार्बुरेटर असाच होता. आत बारीक जेट असायचा, त्यातून इंजिन स्वतःच्या ओढीनं पेट्रोल ओढून घ्यायचं. थंडीत चोक ओढायचा, कचरा आला की जेट काढून फुंकर मारायची. गावातला कुठलाही मिस्त्री झाडाखाली बसून ते करायचा.

याच कामाची एक जुनी आणि खरी गोष्ट आहे. जगातली पहिली लांबची मोटारसफर एका बाईनं केली. जर्मनीतल्या बर्था बेन्झ. ऑगस्ट १८८८ मध्ये नवऱ्याला न सांगता त्यांनी त्यानं बनवलेली तीन चाकी मोटार काढली आणि दोन मुलांना घेऊन मानहाइमहून फोर्झहाइमला आपल्या माहेरी निघाल्या. अंतर शंभर किलोमीटरच्या वर. वाटेत इंधनाची नळी तुंबली, ती त्यांनी हॅटला लावायच्या पिनेनं मोकळी केली. ठिणगीची वायर उघडी पडली, तर मोज्याचा पट्टा गुंडाळून ती झाकली. इंधन संपलं तेव्हा औषधाच्या दुकानातून विकत घेतलं. म्हणजे इंधन आणि ठिणगी हे दोन रोग तेव्हापासूनचे, आणि पहिला रस्त्यावरचा इलाज एका बाईच्या हातचा. "हे बायकांचं काम नव्हे" असं कुणी म्हणालं तर ही गोष्ट त्याला जरूर सांगा.

पण आजच्या गाडीला पिन चालत नाही, हेही लगेच सांगायला हवं. १ एप्रिल २०२० पासून देशात बीएस-सहा हा प्रदूषणाचा नियम आला आणि दुचाकींमधला कार्बुरेटर जवळजवळ हद्दपार झाला. त्याच्या जागी इंजेक्टर आला. टाकीतला छोटा विजेचा पंप पेट्रोल दाबानं पुढे ढकलतो आणि इंजेक्टर ते केसाएवढ्या बारीक भोकांतून धुक्यासारखं फवारतो. इंजिन मिनिटाला तीन हजार फेरे फिरत असेल तर इंजेक्टर एका सेकंदात २५ वेळा उघडतो आणि बंद होतो. किती वेळ उघडं राहायचं ते ईसीएम ठरवतो, तोही सेकंदाच्या हजाराव्या भागाच्या हिशेबात. अशा भोकात पिन घातली तर फवारा वाकडा होतो आणि इंजेक्टर बाद होतो. तो धुवायचा तर त्याचं वेगळं मशिन असतं.

ईसीएमला ठरवायला माहिती लागते, ती सेन्सर देतात. इंजिन किती तापलंय, हवा किती येतेय, आपण अॅक्सिलरेटर किती पिळलाय, धुरात ऑक्सिजन किती उरलाय, हे सगळं तारांमधून त्याच्याकडे जातं. त्यावरून तो पेट्रोल किती द्यायचं आणि ठिणगी कधी पाडायची ते सांगतो. ठिणगीसाठी बॅटरीचे १२ व्होल्ट कॉइलमध्ये जाऊन १५-२० हजार व्होल्ट किंवा त्याहून जास्त होतात आणि प्लगच्या टोकाशी उडी मारतात. एखादा सेन्सर चुकीचं सांगू लागला की ईसीएमचा हिशेब चुकतो, आणि त्यानं तो चुकीचा धरला की समोर पिवळा दिवा लावतो. इंजिनच्या चित्राचा तो दिवा.

हा दिवा चावी फिरवल्यावर लागणं बरोबरच आहे. तो काही सेकंदांनी किंवा इंजिन सुरू झाल्यावर विझायला हवा. चालत्या गाडीत लागून राहिला किंवा लुकलुकत राहिला तर ईसीएमनं काहीतरी नोंदवून ठेवलंय. चावी फिरवल्यावर तो लागलाच नाही तरी गाडी दाखवून घ्या. काही ठिकाणी दुरुस्ती न करता दिव्याची वायरच काढून ठेवतात, असंही आमच्या ऐकण्यात आलंय. जुनी गाडी विकत घेताना हे पहिलं बघा.

गाडी सुरू होत नसेल तर गॅरेजला फोन करण्याआधी घरच्या घरी दोन-तीन गोष्टी बघता येतात. चावी फिरवा आणि कान द्या. टाकीच्या बाजूनं दोन-तीन सेकंद 'सूं' असा बारीक आवाज येतो, तो पेट्रोलच्या पंपाचा. आवाजच नाही तर पंपाला वीज जात नाही, फ्यूज गेलाय किंवा पंप बिघडलाय. लाल बटण, म्हणजे किल स्विच, चुकून बंद आहे का बघा. यावरून किती जणींची गाडी ढकलत नेली गेलीय, हसू नका. गाडी आडवी पडली असेल तर बऱ्याच गाड्यांत एक सेन्सर इंजिन बंद करतो, आग लागू नये म्हणून. गाडी उभी करा, चावी पूर्ण बंद करा, थोडं थांबून पुन्हा फिरवा. बहुतेक वेळा सुरू होते. आणि स्टार्टर मारताना हेडलाइट एकदम मंद होत असेल तर आधी बॅटरीचा संशय घ्या. या गाड्यांचा पंप, इंजेक्टर, ईसीएम सगळं विजेवर चालतं. बॅटरी पार उतरली तर किकनंही बऱ्याच गाड्या कुरकुर करतात.

आता गॅरेजातली उपकरणं. पहिलं आणि सगळ्यात उपयोगी म्हणजे मल्टिमीटर, आपल्याकडे नुसतं मीटरच म्हणतात. वायरमनकडे असतं तेच, काही शे रुपयांत मिळतं. भरलेली बॅटरी गाडी बंद असताना साधारण १२.६ व्होल्ट दाखवते. इंजिन चालू असताना १४ च्या आसपास दाखवायला हवी, म्हणजे चार्जिंग होतंय. स्टार्टर मारताना आकडा १० च्या खाली घसरला तर बॅटरी थकलीय किंवा तिची टोकं गंजलीत. आमचं मत विचाराल तर ज्या गॅरेजात मीटर नाही तिथं इंजेक्टरवाली गाडी देऊच नये. स्कॅनर नसला तर एक वेळ चालेल, मीटर नसलं तर नाही. तुटलेली वायर, गंजलेला कनेक्टर, खराब सेन्सर हे सगळं शेवटी मीटरच दाखवतं.

ठिणगी बघायला स्पार्क टेस्टर असतो. प्लगच्या टोपीत बसवायचा आणि स्टार्टर मारायचा, ठिणगी निळसर आणि जोमदार दिसली पाहिजे. पूर्वी मिस्त्री प्लग काढून इंजिनला टेकवून बघायचे, काही जण वायर हातात धरून. ते आता करू देऊ नका. जवळ पेट्रोलची वाफ असते, शिवाय तो करंट चुकीच्या वाटेनं गेला तर ईसीएमही जळू शकतो. काढलेल्या प्लगचा रंगही बरंच सांगतो. टोक विटकरी-तपकिरी असेल तर ठीक. काळी कोरडी काजळी असेल तर पेट्रोल जास्त जातंय किंवा ठिणगी कमजोर आहे. तेलकट असेल तर इंजिन ऑइल वर येतंय, मग इंजेक्टर बदलून काही होणार नाही.

पेट्रोलचा दाब मोजायला प्रेशर गेज लावतात. बऱ्याच दुचाकींत दाब साधारण ३ किलोचा असतो. टायरमध्ये हवा भरताना आपण तिशीचा आकडा ऐकतो, त्याच मापात हा चाळिशीच्या पुढे जातो. दाब कमी आला तर पंप, फिल्टर किंवा तुंबलेली जाळी. म्हणूनच घरी कुणी पेट्रोलची नळी उपसून बघायला गेलं तर अडवा, पेट्रोल फवाऱ्यासारखं उडतं. दाब बरोबर असूनही पेट्रोल आत जात नसेल, तर नॉइड लाइट नावाचा छोटा दिवा इंजेक्टरच्या कनेक्टरला लावतात. स्टार्टर मारला की तो लुकलुकला, तर ईसीएमचा हुकूम इंजेक्टरपर्यंत पोचतोय आणि दोष इंजेक्टरमध्ये आहे. नाही लुकलुकला तर दोष मागे, वायरमध्ये किंवा त्याही मागे. किती साधं उपकरण, पण हजार-दोन हजारांचा भाग वाचवतं.

आणि मग स्कॅनर. याच्याबद्दल जरा सावकाश बोलू, कारण सगळी गफलत इथंच होते. मोटारीला स्टिअरिंगखाली १६ पिनांचं सॉकेट असतं. दुचाकीचं लहान असतं, सीटखाली किंवा बॅटरीजवळ, आणि जुन्या मॉडेलांत कंपनीगणिक वेगळं. तिथं स्कॅनर जोडला की ईसीएमनं नोंदवलेले कोड स्क्रीनवर येतात. काही दुचाकींत स्कॅनर नसला तरी एक छोटी पिन जोडून पिवळा दिवाच मोजतात. त्यात लांब लुकलुक म्हणजे दहा, छोटी म्हणजे एक. एक लांब, दोन छोटे झाले की १२, मग कंपनीच्या पुस्तकात १२ समोर काय आहे ते बघायचं.

स्कॅनरवरचा कोड असा असतो: पी-०३५१. यातलं 'पी' म्हणजे इंजिन-गिअरचा भाग. पुढचं शून्य म्हणजे हा कोड सगळ्या कंपन्यांना सारखा, तिथं एक असेल तर बहुधा तो कंपनीचा स्वतःचा. पी-०३५१ हा कॉइलच्या सर्किटचा कोड आहे. सर्किट म्हणजे कॉइल, त्याची वायर, कनेक्टर आणि ईसीएमपर्यंतची सगळी वाट. तसाच पी-०२०१ हा इंजेक्टरच्या सर्किटचा. कोड सांगतो की या वाटेवर कुठेतरी अडलंय, 'कॉइल बदला' असं तो म्हणत नाही. अंगात ताप आहे हे थर्मामीटर सांगतो, तो मलेरियाचा की टायफॉइडचा हे रक्त तपासल्यावर कळतं. स्कॅनर म्हणजे थर्मामीटर. रक्ततपासणी मीटरनंच करावी लागते.

चांगल्या स्कॅनरवर चालू इंजिनचे आकडेही दिसतात. समजा गाडी अचानक पेट्रोल जास्त खायला लागली, धूर काळा येतोय. स्क्रीनवर इंजिनचं तापमान बघितलं तर काही गाड्यांत उणे ४० अंश दाखवतं. सोलापूरच्या मे महिन्यात! म्हणजे तापमानाच्या सेन्सरची वायर सुटलीय. ईसीएमला वाटतंय इंजिन बर्फात आहे, म्हणून तो पेट्रोल ओततोय, आणि आपण अॅव्हरेज कमी झालं म्हणून पंपवाल्याला शिव्या घालतोय. याचा कोड पी-०११८.

कोड पुसायचं बटण स्कॅनरवर असतं, ते दाबलं की दिवा विझतो. पण रोग तिथंच असला तर दोन-चार दिवसांत दिवा पुन्हा लागतो, आणि मधल्या काळात नोंद मात्र गेलेली असते. म्हणून पुसण्याआधी स्क्रीनचा फोटो मोबाइलवर काढून ठेवायला सांगा. दुसऱ्या गॅरेजात जायची वेळ आली तर तोच फोटो कामाला येतो.

पेट्रोलबद्दल थोडं. आता पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं. आपल्या जिल्ह्यात ते नवं सांगायला नको, कारखान्यांच्या डिस्टिलऱ्या आपल्याच उसावर चालतात. पण इथेनॉल पाणी ओढून घेतं. पावसात टाकीचं झाकण नीट बसलं नाही आणि पाणी जास्त झालं, की ते इथेनॉलसकट तळाला बसतं, आणि पंप नेमका तळातूनच ओढतो. गाडी खोकल्यासारखी झटके देते, कोड मात्र इंजेक्टरचा किंवा ऑक्सिजन सेन्सरचा येऊ शकतो, कधी काहीच येत नाही. अशा वेळी बाटलीत थोडं पेट्रोल काढून स्थिर ठेवा, खाली वेगळा थर दिसला तर उत्तर मिळालं. रोज रिझर्व्हवर गाडी चालवायची सवयही सोडा. टाकीतला पंप पेट्रोलनंच थंड राहतो, आणि तो बदलणं महागात पडतं.

डिझेलच्या पिकअपला आणि नव्या मोठ्या ट्रॅक्टरला ठिणगी नसते, पण इंजेक्टर असतात आणि दाब हजार किलोच्या वर जातो. तिथं गळती दिसली तर बोट लावून बघायचं नाही, धार कातडीत घुसते. ते काम फक्त पंप-नोझलच्या दुकानात. नाशिकला गेलेल्या मैत्रिणींनी मायको सर्कल ऐकलं असेल. ज्या मायको कंपनीवरून त्या चौकाला नाव पडलं, ती म्हणजे आताची बॉश. तिच्या नाशिकच्या कारखान्यात हेच इंजेक्टर आणि नोझल बनतात.

गॅरेजात काय बोलायचं? "कोड कोणता आला, दाखवा." "भाग बदलण्याआधी मीटरनं तपासलात का?" "जुना भाग मला परत द्या." आणि पक्कं बिल, त्यावर कोड आणि बदललेल्या भागाचं नाव. गाडी वॉरंटीत असेल तर आधी कंपनीच्या सर्व्हिस सेंटरला, बाहेर वायर कापू देऊ नका. बिलावरून वाद झाला आणि मिटला नाही तर १९१५ हा राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा नंबर आहे, मराठीतही बोलता येतं. जाब विचारायला म्हणून हे प्रश्न नाहीत. चांगल्या मिस्त्रीला असं गिऱ्हाईक आवडतं, आणि ज्याला आवडत नाही त्याच्याबद्दल आपल्याला काय ते कळतं.

एक गोष्ट मात्र मनापासून सांगायची आहे. आपल्या दहावी-बारावी झालेल्या मुलींना शिवणकाम आणि पार्लर यापलीकडे कुणी काही सुचवत नाही. आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिकचा ट्रेड मुलींनाही खुला आहे. आरसेटी, म्हणजे ग्रामीण स्वयंरोजगार प्रशिक्षण संस्थेत दुचाकी दुरुस्तीचा अभ्यासक्रम आहे, शिकणं फुकट आणि राहण्याजेवण्याची सोय. जुन्या काळी या कामाला ताकद लागायची असं म्हणत. आताचं निम्मं काम वाचायचं, मोजायचं आणि डोकं शांत ठेवायचं आहे. मीटर, स्पार्क टेस्टर, नॉइड लाइट, प्रेशर गेज आणि पानांचा संच यांनी सुरुवात होते. स्कॅनर साधा काही हजारांत, सगळ्या कंपन्यांना चालणारा त्याहून बराच महाग. मुद्रा योजनेच्या शिशु गटात ५० हजारांपर्यंत कर्ज मिळतं. ज्या गावात तीस-चाळीस स्कूट्या आहेत आणि जवळचं स्कॅनरवालं गॅरेज वीस किलोमीटरवर आहे, तिथं एका ग्रामसंघानं मिळून एक स्कॅनर घेतला आणि एका मुलीला शिकवलं तर? पुढच्या प्रभाग बैठकीत आम्ही हा विषय ठेवतोय. तुमच्या गावात स्कूट्या किती, त्यातल्या २०२० नंतरच्या किती आणि गेल्या वर्षी दुरुस्तीवर किती गेले, एवढं गटाच्या वहीत लिहून आणा.

आणि अक्कलकोटकडच्या एका अक्कांनी विचारलं होतं, गाडी वॉशिंग सेंटरला पाइपनं धुतली तर चालेल का? चालेल अक्का, पण सीटखाली, प्लगच्या टोपीवर आणि कनेक्टरवर जोराची धार मारू देऊ नका. धुतल्यावर दिवा लागलाच तर गाडी अर्धा दिवस उन्हात उभी करा, मग चावी फिरवून बघा. वाळून विझला तर उत्तम. नाही विझला तर कनेक्टर उघडून पुसून घ्यायला सांगा, भाग बदलायचं नंतर.